दोन हजार तीनशे फोटो, एक रात्र आणि एआयने लिहिलेली वर्णने

आपला प्रश्न मी समजले तो असा. पैठण परिसरातील हातमाग विणकरांच्या एका गटाचे संकेतस्थळ आपण सांभाळता. त्यावर सुमारे २,३०० फोटो आहेत आणि त्यांपैकी एकालाही पर्यायी मजकूर, म्हणजे फोटो न दिसणाऱ्याला ऐकवण्यासाठी कोडमध्ये ठेवलेले शब्द (ऑल्ट टेक्स्ट), दिलेला नाही. आपल्या डेव्हलपरने सुचवले आहे की सगळे फोटो एखाद्या एआय सेवेकडे पाठवले तर एका रात्रीत सगळ्यांची वर्णने तयार होतील, तीही मराठीत, आणि सकाळी तपासणीच्या साधनात पूर्ण गुण दिसतील. हे करावे का, त्या मराठीवर भरवसा ठेवावा का, आणि गुण पूर्ण मिळाले म्हणजे काम संपले असे समजावे का, असे आपण विचारले आहे.

थोडक्यात सांगायचे तर एआयची मदत जरूर घ्या, परंतु त्याने लिहिलेले वाक्य जाणकार माणसाने वाचल्याशिवाय एकाही फोटोला लावू नका. शिवाय २,३०० पैकी बऱ्याच फोटोंसाठी आपल्याला एआयची गरजच पडणार नाही, असा माझा अंदाज आहे. तो कशावरून, हे पुढे येईल. मी छत्रपती संभाजीनगरात गेली बारा वर्षे संकेतस्थळांची सुगम्यता, म्हणजे दिव्यांगांना ती वापरता येतात का, हे तपासण्याचे काम करते. माझे एक सहकारी जन्मांध आहेत आणि आमच्याकडे कुठल्याही पानाचा शेवटचा निकाल त्यांच्या कानांवर लागतो. आपले संकेतस्थळ मी पाहिलेले नाही, त्यामुळे काही गोष्टी आपल्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून राहतील. त्या आल्या की तसे नमूद करेन.

गेल्या वर्षी अशाच एका साड्यांच्या विक्रीच्या संकेतस्थळाचे काम माझ्याकडे आले होते. तिथे एका पैठणीच्या पानावर पाच फोटो होते: पूर्ण साडी, पदर, काठ, पदराची मागची बाजू आणि घडी. चौथ्या फोटोला एआयने वर्णन दिले होते, ‘हिरव्या आणि सोनेरी रंगाची पारंपरिक भारतीय साडी, जिच्यावर मोरांची सुंदर नक्षी आहे.’ यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरीही ते वर्णन कुचकामी होते. हातमागावरच्या पैठणीत नक्षीचे रंगीत धागे विणतानाच एकमेकांत अडकवत नेलेले असतात, म्हणून पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो. यंत्रमागावरच्या नकलेत मागच्या बाजूला मोकळे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. पारखी गिऱ्हाईक दुकानात पदर उलटून पाहते ते याचसाठी, आणि त्या विक्रेत्याने चौथा फोटो ठेवला होता तोही याचसाठी. आम्ही शेवटी लिहिले, ‘पदराची मागची बाजू, मोर पुढच्याइतकेच रेखीव, मोकळे धागे नाहीत.’ माझ्या सहकाऱ्यांनी ते ऐकले आणि म्हणाले, ‘आता मला कळले की हा फोटो इथे का आहे.’

आपल्या प्रश्नाची खरी गाठ इथे आहे. ऑल्ट मजकूर म्हणजे फोटोत काय काय दिसते याची जंत्री, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो त्या पानावर फोटोच्या जागी उभा राहणारा बदली कामगार आहे. फोटो जे काम करतो ते त्याने शब्दांत करायचे असते. म्हणून एकाच फोटोचा योग्य मजकूर तीन पानांवर तीन प्रकारचा असू शकतो. हातमागावर बसलेल्या कारागिराचा फोटो मुखपृष्ठावर ‘आमचे विणकर’ या पानाकडे नेणारी लिंक म्हणून ठेवला असेल, तर तिथे ‘आमचे विणकर’ एवढेच लिहावे. तोच फोटो विणकामाची कृती समजावणाऱ्या लेखात असेल, तर धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारे साधन, कोणत्या हातात आहे आणि पदराचे किती विणून झाले आहे, हे सांगावे लागेल. आणि तोच फोटो धूसर करून एखाद्या मजकुरामागे नुसता पार्श्वभूमी म्हणून वापरला असेल, तर काहीच सांगू नये. एआयला फक्त फोटो दिला तर या तिन्ही ठिकाणी ते एकच वाक्य देणार, कारण पान त्याने पाहिलेलेच नसते.

स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणारे साधन, कधी ऐकला नसेल तर हे पटायला जड जाते, म्हणून संगणकावर एनव्हीडीए हे मोफत साधन उतरवून घ्या, किंवा अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक चालू करा, आणि आपलेच पान डोळे मिटून ऐका. एनव्हीडीएमध्ये इंग्रजी जी ही कळ दाबली की एका चित्रावरून पुढच्या चित्रावर जाता येते. इथे एक बारकावा आहे, जो डेव्हलपर मंडळींकडूनही वारंवार चुकतो. ऑल्ट मुळात दिलेलेच नसणे आणि ऑल्ट मुद्दाम रिकामे ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते रिकामे ठेवले तर स्क्रीन रीडर ते चित्र शोभेचे समजून मुकाट्याने पुढे जातो. ते दिलेलेच नसेल, आणि विशेषतः ते चित्र लिंक असेल, तर पुष्कळदा फाइलचे नाव किंवा पत्ता वाचला जातो; ‘आयएमजी, अंडरस्कोर, वीस, चोवीस, शून्य, आठ’ अशी ती माळ ऐकणे ही शिक्षाच असते. त्यामुळे आपल्या संकेतस्थळावरच्या नक्षीच्या पट्ट्या, रेघा, पार्श्वभूमीचे फोटो, आणि शेजारी ज्यांचे नाव अक्षरात लिहिलेलेच आहे असे छोटे आयकॉन यांना ऑल्ट रिकामे ठेवायचे आहे. एआयला रात्री मोकळे सोडले तर ते त्या प्रत्येक पट्टीचेही मनोभावे वर्णन करेल.

आता काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असणे बरे, हा युक्तिवाद. तो मी एकेकाळी स्वतः केलेला आहे, म्हणून त्याला हिणवत नाही. परंतु ऑल्ट नसले तर ऐकणाऱ्याला निदान एवढे समजते की इथे काहीतरी राहिले आहे, आणि तो कुणाला तरी विचारतो. ऑल्ट चुकीचे असले तर त्याला संशय घेण्याचे काही कारणच उरत नाही. डोळस माणसाला चूक दिसणार नाही, कारण ऑल्ट पडद्यावर दिसत नाही. अंध माणसाला ती कळणार नाही, कारण फोटो त्याला दिसत नाही. चुकीला इतकी सुरक्षित जागा संकेतस्थळावर दुसरी नाही.

या क्षेत्रातल्या मोठ्या कंपन्यांनी सुरुवातीपासून ही अडचण ओळखलेली आहे. फेसबुकने २०१६ मध्ये फोटोंना आपोआप मजकूर द्यायला सुरुवात केली तेव्हा वाक्याच्या आरंभीच ‘या चित्रात असू शकते’ अशा अर्थाचे शब्द ठेवले होते. क्रोम ब्राउझरने २०१९ मध्ये आणलेली सोयही ‘असे दिसते की’ अशीच बोलते. ऐकणाऱ्याला त्यावरून कळते की हे यंत्राचे अनुमान आहे. आपण तेच अनुमान उचलून ऑल्टमध्ये चिकटवतो तेव्हा ती शंका पुसली जाते आणि वाक्य संकेतस्थळाच्या मालकाने छातीठोकपणे सांगितल्यासारखे होते. शिवाय क्रोमची ती सोय ज्या चित्रांना मजकूर नाही त्यांच्यासाठीच आहे. म्हणजे आपण मोघम मजकूर भरून ठेवला की वाचकाच्या हातातले साधनही गप्प बसते.

आणखी एक बाजू लक्षात घ्या. आज अंध वाचकाच्या फोनमध्येच चित्र ओळखणारी साधने आहेत. मायक्रोसॉफ्टचे सीइंग एआय २०१७ पासून आहे, बी माय आइज या ॲपमध्ये २०२३ पासून एआयचे वर्णन मिळते, आणि माझे सहकारी दिवसातून कितीतरी वेळा ते वापरतात. औषधाच्या बाटलीपासून लग्नपत्रिकेपर्यंत. ‘साडी हिरवी आहे, मोर आहेत’ एवढे त्यांना त्यांचा फोन सांगतोच. मग आपण काय द्यायचे? फोनला जे ठाऊक असणे शक्य नाही ते: हा मोर बांगडी मोर आहे, काठ नारळी आहे, ही बाजू मागची आहे.

एआय चुकते कसे, हे थोडे समजून घेतले तर तपासताना नजर कुठे ठेवायची ते कळते. ही साधने चित्रातल्या आकारांवरून आणि रंगांवरून काही खुणा काढतात आणि त्या खुणांशी जुळणारे सर्वांत संभाव्य शब्द एकापुढे एक मांडतात. जे पुष्कळदा पाहिले आहे ते चांगले ओळखतात. जे क्वचित पाहिले आहे त्याच्या जागी जवळचे, ओळखीचे काहीतरी बसवतात, आणि ते बसवताना त्यांचा सूर जराही डळमळत नाही. पर्यटनाच्या एका कामात वेरूळच्या १६ क्रमांकाच्या लेण्याला, म्हणजे कैलास लेण्याला, ‘दगडांनी बांधलेले भव्य प्राचीन मंदिर’ असे वर्णन आले होते. ते बांधलेले नाही. एका अखंड खडकात वरून खाली कोरत आणलेले आहे, आणि माणसे तिथे जातात ती हेच पाहायला. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीला एका साधनाने ‘मुकुट घातलेली स्त्री’ केले होते. कमळ हातात होते, पण त्याचा उल्लेखही नव्हता. नाव ज्या कमळावरून पडले तेच गळाले. या चुका अभ्यासकाला हसू आणतील, परंतु पहिल्यांदाच ते पान ऐकणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यात त्या कायमच्या बसतात.

आपल्या कामात हाच प्रकार काठापदरावर होईल. मुनिया, म्हणजे काठावरचे छोटे हिरवे पोपट, यांना मी ‘हिरवी पाने’ झालेले पाहिले आहे. असावली, म्हणजे फुलांची वेल, नुसती ‘फुले’ होते. रंगांचे तर विचारू नका. ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो आणि अंगणात उन्हात काढलेला फोटो यांत एकच साडी दोन रंगांची दिसते आणि एआय दोन्हीवर विश्वास ठेवते. विणकराच्या तोंडी राघू (पोपटी हिरवा), शिरोदक (पांढरा), कालीचंद्रकळा असे शब्द असतात, आणि ज्याने लहानपणी घरात ते ऐकले आहेत त्या अंध गिऱ्हाइकाला ‘काळी साडी, लाल काठ’ यापेक्षा ‘कालीचंद्रकळा’ या एका शब्दात अधिक दिसते. तरीही नवख्यासाठी दोन्ही लिहावे: ‘कालीचंद्रकळा, काळ्या अंगाला लाल काठ.’

मराठीविषयी आपण वेगळे विचारले आहे. पूर्वीपेक्षा ती बरीच सुधारली आहे, हे मान्य करायला हवे. शुद्धलेखन आणि लिंग-वचन सहसा ठीक असते. पण वाक्याचा सांगाडा बऱ्याचदा परका असतो. ‘ही प्रतिमा एका स्त्रीला दर्शवते जी एका लाकडी यंत्रासमोर बसलेली आहे’ हे वाक्य मराठी अक्षरांत लिहिलेले आहे एवढेच. स्क्रीन रीडर चित्रापाशी आला की ‘ग्राफिक’ किंवा तत्सम शब्द स्वतःच उच्चारतो, त्यामुळे ‘ही प्रतिमा’, ‘या फोटोत’ ही सुरुवात फुकटची. ‘जी’, ‘ज्यामध्ये’, ‘दर्शवते’ काढून टाकले आणि यंत्राला माग म्हटले की उरते, ‘मागावर पदर विणणारी कारागीर’. चार शब्द झाले, आणि ते घरातल्या माणसाने सांगितल्यासारखे ऐकू येतात. दुसरे, ‘सुंदर’, ‘भव्य’, ‘आकर्षक’, ‘मनमोहक’ ही विशेषणे सरसकट कापा. सुंदर आहे की नाही ते गिऱ्हाइकाला ठरवू द्या.

मराठी मजकुराबरोबर पानाची भाषा मराठी असल्याची खूण कोडमध्ये आहे ना, हे डेव्हलपरला आवर्जून विचारा. आमच्याकडे तपासायला येणाऱ्या कित्येक पानांवर मजकूर मराठी आणि खूण इंग्रजीची असते, कारण तयार साचा तसाच उचललेला असतो. लिपी देवनागरी आहे एवढ्यावरून मराठी की हिंदी हे साधनाला खात्रीने ठरवता येत नाही. मग मराठी वाक्य हिंदी आवाजात वाचले जाते आणि ‘चमचा’, ‘जरीकाठ’ यांतले च आणि ज ऐकणाऱ्याच्या कानाला टोचतात. पाच मिनिटांचे काम आहे, पण त्याने सगळ्या पानाचा उच्चार बदलतो.

एका प्रकारच्या चित्रांबाबत मात्र मी फार सावध असते, आणि ती म्हणजे ज्यांत अक्षरे किंवा आकडे आहेत अशी चित्रे. आपल्या भागात सूचना, दरपत्रके, कार्यक्रमपत्रिका फोटो करून टाकण्याची सवय खोल रुजली आहे. शेतमालाच्या एका संकेतस्थळावर सोयाबीनच्या हमीभावाचे पोस्टर होते. २०२४-२५ च्या हंगामासाठी तो दर क्विंटलला ४,८९२ रुपये होता. एआयने वाचला ४,८१२. देवनागरी नऊ आणि एक यांची वळणे काही ठशांत इतकी जवळ येतात की पोस्टर जरा धूसर असले की घोटाळा होतो. ऐंशी रुपयांचा फरक ऑल्टमध्ये तीन आठवडे बसून होता. तो सापडला तोही योगायोगाने. माझ्या सहकाऱ्यांना खरा भाव आधीच ठाऊक होता, म्हणून ते थबकले. त्या दिवसापासून आमचा नियम असा की चित्रातला आकडा एआयकडून घ्यायचाच नाही. ज्या फाइलवरून पोस्टर बनले तिच्यातून तो उचलायचा. त्याहून चांगले म्हणजे दर, तारखा, नियम हे साध्या मजकुरात पानावरच लिहायचे. मग मोबाइलची रेंज कमी असलेल्या गावात चित्र उघडले नाही तरी माहिती पोहोचते, आणि आमच्याकडे अशी गावे पुष्कळ आहेत.

आता तुमच्या २,३०० फोटोंकडे येते. पहिल्यांदा त्यांतले खरोखर वेगळे किती ते मोजा. एकच फोटो तीन आकारांत आणि चार पानांवर असतो, त्यामुळे आकडा पुष्कळ खाली येतो. मग शोभेची चित्रे बाजूला काढा. उरलेल्यांत बहुतेक साड्यांचे फोटो असतील, आणि त्यांची माहिती, म्हणजे रंग, काठ, पदर, नक्षी, जरीचा धागा, हे सगळे आपल्या मालाच्या नोंदवहीत किंवा एक्सेलच्या पत्रकात आधीच असणार. ते असेल तर त्या रकान्यांवरून ऑल्ट मजकूर थेट जुळवता येतो, ‘पदर: बांगडी मोर, राघू हिरव्यावर सोनेरी जर’ असा. यात एआय नाही, अनुमान नाही, आणि चूक झालीच तर ती नोंदीतली चूक असते, जी तशीही दुरुस्त करायलाच हवी. पत्रक नसेल, किंवा त्यात नुसते क्रमांक आणि किमती असतील, तर मात्र हा मार्ग बंद आहे आणि कष्ट वाढतील. हे तुमच्याकडे कसे आहे ते मला ठाऊक नाही.

या सगळ्यातून जे उरेल, कार्यक्रमांचे, प्रदर्शनांचे, मागाचे, रंगकामाचे फोटो, तिथे एआयचा उपयोग आहे आणि तो चांगला आहे. पण नुसता फोटो देऊ नका. सोबत त्या पानाचे शीर्षक, फोटोच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेद, असल्यास फोटोखालची ओळ, आणि आपल्या धंद्यातल्या शब्दांची एक यादी द्या: धोटा, कांडी, ताणा, बाणा, जर, नारळी, मुनिया, असावली. आणि स्पष्ट सांगा की जे दिसत नाही ते लिहू नये, खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाकावे, फोटोखालच्या ओळीत जे आले आहे ते पुन्हा सांगू नये. इतके दिल्यावर मिळणारा मसुदा मला स्वतःला कोऱ्या कागदापेक्षा बरा वाटतो; थकलेल्या संध्याकाळी शंभरावे वर्णन लिहिताना माणूसही ‘साडीचा फोटो’ असे लिहून मोकळा होतो, हे मी स्वतःच्या बाबतीत पाहिले आहे.

माणसांच्या फोटोंबाबत दोन गोष्टी. एआय वय, लिंग, कधी धर्मसुद्धा पेहरावावरून अंदाजाने सांगते. ते जसेच्या तसे ठेवू नका. प्रदर्शनात बक्षीस घेणाऱ्या विणकराचे नाव तुम्हाला ठाऊक आहे, ते लिहा. आणि बाहेरच्या सेवेला फोटो पाठवण्यापूर्वी त्यांत लहान मुले, कुणाचे आधार कार्ड, बँकेचे पासबुक असे काही नाही ना, ते पाहून घ्या. लाभार्थी महिलांच्या फोटोंना त्यांची संमती कशासाठी घेतली होती, हेही एकदा तपासा. संकेतस्थळावर लावण्याची संमती म्हणजे परक्या कंपनीच्या संगणकावर पाठवण्याची संमती असे मी धरत नाही.

गुणांविषयी. तपासणीची स्वयंचलित साधने ऑल्ट आहे की नाही एवढेच पाहतात. ते बरोबर आहे का, हे त्यांना कळत नाही. सोयाबीनच्या त्या पोस्टरलाही हिरवी खूणच मिळालेली होती. डब्ल्यूसीएजी ही सुगम्यतेची जी मार्गदर्शक तत्त्वे जगभर धरली जातात, त्यांत १.१.१ हा निकष सर्वांत प्राथमिक पातळीवर ठेवला आहे, आणि तो मागतो समान उद्देश साधणारा मजकूर. उद्देश हा शब्द तिथे आहे. १९९९ च्या पहिल्या आवृत्तीतही पहिलीच सूचना हीच होती. मजकूर कुणी लिहिला, माणसाने की यंत्राने, याच्याशी त्या निकषाला देणेघेणे नाही. चुकला तर जबाबदारी संकेतस्थळ चालवणाऱ्याची.

कायद्याचा धाक घालायचा नाही, पण गटाच्या सभासदांना हे काम का करायचे ते पटवून द्यायचे असेल तर उपयोगी पडेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. त्याखालच्या २०१७ च्या नियमांतील सुगम्यतेच्या मानकांविषयीचा नियम १५(१) शिफारशीच्या स्वरूपाचा असल्यामुळे मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात ठरवले आणि सक्तीची मानके आखण्यास सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या एका निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. लहान विणकर गटावर यातले काय आणि केव्हा लागू होईल, हे वकिलाला विचारण्याचे काम आहे.

लांबीबद्दल कुणीतरी तुम्हाला सव्वाशे अक्षरांचा नियम सांगेल. असा नियम मानकांत नाही. फोनवर कुणाला तरी पान वाचून दाखवत आहात अशी कल्पना करा; चित्र आले की एका दमात जे सांगाल तेवढे ऑल्ट. विणकामाच्या टप्प्यांचा तक्ता किंवा विक्रीचा आलेख असेल तर ऑल्टमध्ये फक्त तो कशाचा आहे ते लिहा आणि सगळे आकडे खाली तक्त्यात द्या, कारण ऑल्टमध्ये परिच्छेद आणि रकाने टिकत नाहीत, सगळे एकसलग वाचले जाते.

शेवटी, सुरुवात कुठून करायची याबद्दल मला सुचते ते सांगते. सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या वीस साड्या घ्या. त्यांचे फोटो ज्या कारागिराने त्या विणल्या त्याच्या किंवा तिच्यासमोर धरा आणि विचारा, हा फोटो न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही काय सांगाल. उत्तर व्हॉट्सअॅपवर आवाजात नोंदवून घ्या. ते बोलणे लिहून काढायला आणि आटोपशीर करायला एआय वापरा; या कामात ते मला सर्वांत भरवशाचे वाटले आहे, कारण पाहण्याचे काम माणसाने केलेले असते. मागे म्हटलेल्या त्या विक्रेत्याकडे एका बाई कारागिरांनी काठाच्या फोटोवर बोट ठेवून जवळपास मिनिटभर सांगितले होते, की पोपट एकमेकांकडे तोंड करून आहेत, चोची लाल आहेत, आणि दोघांच्या मध्ये जागा सोडलेली नाही, कारण ती सोडली तर काठ विरळ दिसतो. एआयने त्याचे केले, ‘काठ: समोरासमोर मुनिया, चोची लाल, वीण दाट.’ बाईंना ते वाचून दाखवले तेव्हा त्यांनी ‘वीण’ शब्दाला हरकत घेतली. दाट आहे ती नक्षी, वीण तर सगळीकडे सारखीच असते, असे त्या म्हणाल्या. आम्ही शब्द बदलला आणि पुढचा फोटो घेतला.